झोताची नाव आणि वंगणाचा हात



कामगार संघटनेचा कार्यकर्ता इतिहासावर बोलायला उभा राहिला, की तो संपांचा आणि टाळेबंद्यांचा इतिहास सांगणार, असे श्रोते धरूनच चालतात. आजचा माझा विषय त्याहून लहान आहे. पाण्याच्या झोतावर चालणारी जी नाव, जिला सगळे जेट बोट म्हणतात, तिच्या पोटात एक पोलादी दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाशी एक फिरकी असते. दांड्याला शाफ्ट म्हणतात, फिरकीला इंपेलर. ही नाव कशी जन्मली, आणि तिचा शाफ्ट व इंपेलर तपासून त्यांना ग्रीस देणारा माणूस इतिहासात कोठे उभा आहे, एवढेच मला मांडावयाचे आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि लाँचवरच्या मिस्त्र्यांच्या संगतीत. तेव्हा सिद्धांत थोडा आणि लोखंड जास्त, असे या व्याख्यानाचे स्वरूप राहील. ते आपण सांभाळून घ्यावे.

प्रथम ही नाव चालते कशी ते पाहू. साध्या लाँचला मागच्या बाजूस, पाण्याखाली, पंखा असतो. पंखा फिरतो, पाणी मागे लोटतो आणि लाँच पुढे जाते. खोल पाण्यात ही व्यवस्था उत्तम. परंतु पाणी उथळ झाले, तळाला खडक लागले, की पहिला बळी पंख्याचा जातो. झोताच्या नावेत पंखा बाहेर लोंबत नाही. नावेच्या तळाला एक तोंड असते, त्यावर जाळी असते. त्या तोंडातून पाणी आत ओढले जाते, नळीच्या आत फिरणारा इंपेलर त्याला जोर देतो, आणि मागच्या निमुळत्या तोटीतून ते वेगाने बाहेर फेकले जाते. तोटी डावी-उजवीकडे वळवली की नाव वळते. तोटीपुढे झाकण पाडून झोत पुढे वळवला की नाव मागे येते. झोत हवेत फेकला तरी नाव पुढे जाते, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण बंदूक उडवली की खांद्याला धक्का बसतो, तो गोळी कशावर आपटल्यामुळे बसत नाही. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात 1661 साली टूगुड आणि हेज या दोघांनी जहाजाच्या तळातून पाणी जोराने लोटून जहाज चालवण्याचे पेटंट घेतले. त्या वेळी शिवाजी महाराज कोकणात मोहिमा करीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही कल्पना किती जुनी याची कल्पना येते. पुढे 1787 च्या डिसेंबरात अमेरिकेत पोटोमॅक नदीवर जेम्स रम्सी याने वाफेच्या पंपाने पाणी मागे फेकून लोकांसमक्ष नाव चालवून दाखवली. ब्रिटिश आरमाराने 1866 साली 'वॉटरविच' नावाची चिलखती युद्धनौकाच या तत्त्वावर पाण्यात उतरवली आणि पंख्यावर चालणाऱ्या नौकेशी तिची तुलना करून पाहिली. झोताचा सरसपणा सिद्ध झाला नाही, आणि आरमाराने तो नाद सोडला.

दोनशे वर्षे ही कल्पना का रखडली? तत्त्वात खोट नव्हती. खोट होती ती पाणी वाटेत अडण्यात. वाकड्या नळ्या, जड पंप, आणि पंपाचे चाक व त्याचे आवरण यांमधली सैल जागा, यांतच वाफेची शक्ती खर्ची पडत असे. कागदावर जी गोष्ट एका रेघेत उरकते, ती लोखंडात उतरवताना प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक फटीला जाब द्यावा लागतो.

तो जाब दिला न्यूझीलंडच्या एका मेंढपाळाने. विल्यम हॅमिल्टन याचा जन्म 1899 चा. त्या देशाच्या दक्षिण बेटावर, मॅकेंझी प्रदेशात, आयरिशमन क्रीक नावाचे मेंढ्यांचे विस्तीर्ण कुरण त्याने 1921 साली घेतले. तो कोणत्याही विद्यापीठाचा इंजिनीयर नव्हता. घराला वीज हवी म्हणून ओढ्यावर बांध घालायचा त्याने ठरवले; बांधासाठी माती उकरणारे यंत्र हवे म्हणून तेही स्वतः बनवले; आणि यंत्रे बनवता बनवता कुरणावरच कारखाना उभा राहिला. त्या मुलुखातल्या नद्या डोंगरातून वेगाने येतात, गोट्यांच्या रुंद पात्रात पसरतात आणि वेणीच्या पेडांसारख्या अनेक धारांत फुटतात. पाणी कोठे घोट्याइतके, कोठे पुरुषभर. अशा नदीतून वरच्या अंगाला जाणारी नाव असावी, हे त्याचे लहानपणापासूनचे वेड होते.

वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1953-54 च्या सुमारास, तो या कामाला लागला. अमेरिकेत बनलेल्या एका झोतयंत्राची माहिती त्याला मिळाली होती. त्यात झोत नावेच्या तळाखाली, पाण्यातच सोडला जाई. त्या तऱ्हेने वेग मिळेना. मग झोताची तोटी पाण्याखालून काढून नावेच्या मागच्या फळीवर, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणली. बदल एवढासा, पण तळाखाली अडणारे लोखंड गेले आणि नाव धावू लागली. त्यानंतर आडवे पाणी फेकणारा पंप काढून, शाफ्टच्या सरळ रेषेत पाणी ढकलणारा इंपेलर बसवला गेला. वाकडी नळी सरळ झाली. आजही झोताच्या नावांत मुख्यतः हीच रचना दिसते. वेग घेऊन वर उचललेली अशी नाव चार-सहा बोटे पाण्यातून निघून जाते. या शोधाबद्दल हॅमिल्टनचे कौतुक होऊ लागले, तेव्हा पाण्याच्या झोताचा मान आर्किमिडीजकडे जातो, असे तो विनोदाने सांगे. 1974 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि 1978 मध्ये तो वारला.

या नावांचे दोन पराक्रम सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेतली कोलोराडो नदी ज्या प्रचंड घळीतून वाहते, तिच्यातून मेजर पॉवेलची तुकडी 1869 मध्ये प्रवाहाबरोबर खाली आली होती. पण प्रवाहाविरुद्ध वर कोणी गेले नव्हते. 1960 मध्ये हॅमिल्टनचा मुलगा जॉन आणि त्याचे सोबती झोताच्या नावा घेऊन ती घळ उतरले आणि त्याच वाटेने वर चढले. दुसरा पराक्रम आपल्या घरचा. 1977 साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन झोताच्या नावा घेऊन गंगासागराहून निघाले. काशी, प्रयाग, हरिद्वार मागे टाकून देवप्रयागाच्या पुढे अलकनंदेत शिरले, आणि नंदप्रयागाजवळच्या धबधब्याने वाट अडवली तेव्हाच नावा थांबल्या. चालकांत जॉन हॅमिल्टन होता. समुद्रापासून हिमालयापर्यंत गंगा उलटी चढणाऱ्या त्या नावा पाहायला काठाकाठाने लोक जमले होते.

ही झाली पराक्रमाची बाजू. परंतु ज्याने यंत्राला हात लावलेला आहे तो येथे निराळाच प्रश्न विचारील. गंगेचे पावसाळ्यातले पाणी गाळाने गढूळ असते. त्या गाळातली वाळू जाळीतून सरळ इंपेलरवर जाते. मग रात्री मुक्कामाला लोक शेकोटीभोवती बसत, तेव्हा नावेच्या पोटात दिवा घेऊन कोण शिरत असेल? कोणी तरी शिरलाच पाहिजे, नाही तर नाव दुसऱ्या दिवशी प्रवाह चढली नसती. तो माणूस आत जाऊन काय पाहतो, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट किल्ली. इंजिन बंद करायचे, बॅटरीचा स्विच तोडायचा, आणि किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवायची. मालकाच्या नाही, सारंगाच्या नाही. हा नियम कोणत्याही पुस्तकापेक्षा जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडून मी अधिक वेळा ऐकला आहे, आणि त्यामागे कोणाची तरी गेलेली बोटे असतात.

मग जाळी. तिच्यात शेवाळ, दोरीचे तुकडे आणि अलीकडे प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. दोरी शाफ्टवर गुंडाळली गेली, की इंजिन ओरडते पण नाव ओढत नाही. पाण्याची वाट तुंबल्यामुळे इंपेलरच्या पात्यांपाशी दाब उतरतो, पाण्याचे वाफेसारखे बुडबुडे होतात आणि ते पात्यावर फुटतात. आतून गोटे खळखळल्यासारखा आवाज येतो. त्या बुडबुड्यांच्या माराने चांगली धातूसुद्धा वाळवी लागल्यासारखी खड्डे पडून झिजते.

नंतर इंपेलर. पात्याच्या पुढच्या धारेवर बोट फिरवून गोट्यांच्या खाचा शोधायच्या. लहान खाच कानशीने गुळगुळीत करता येते. पण पाती एकमेकांसारखी राहिली पाहिजेत, एक हलके आणि एक जड झाले की शाफ्ट थरथरू लागतो. पात्याचे टोक आणि त्याभोवतीची कडी, म्हणजे वेअर रिंग, यांमधली फट फिलरच्या पात्यांनी मोजायची. ही फट मिलिमीटरच्या आसपासची गोष्ट आहे. ती वाढली की पुढे ढकललेले पाणी फटीतून पुन्हा मागे गळते. तेल तेवढेच जळते आणि वेग घटतो.  आणि फट एका बाजूस कमी, दुसऱ्या बाजूस जास्त भरली, तर दोष इंपेलरचा नसतो, शाफ्टला मागून धरणारे बेअरिंग झिजलेले असते.

हे मागचे बेअरिंग पुष्कळ नावांत रबराचे असते आणि त्याला वंगण पाण्याचेच. त्यात ग्रीस घालायचे नसते. आणि नाव कोरड्यावर असताना इंजिन चालवून ते जाळायचे नसते. ग्रीसचा मान पुढच्या बेअरिंगचा. इंपेलर पाण्याला मागे रेटतो तेव्हा शाफ्ट पुढे रेटला जातो, आणि तो रेटा हे बेअरिंग सोसते. येथे ग्रीस किती द्यायचे ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि ते मोजूनच द्यावे लागते. 'थोडे जास्त दिले तर बिघडले काय,' असे नवशिका म्हणतो. पण बेअरिंग ग्रीसने गच्च भरले की ते ग्रीस घुसळून तापते. शिवाय साबण-साबणात जात असते तशी ग्रीसमध्येही जात असते. लिथियमचे आणि दुसऱ्या जातीचे ग्रीस एकत्र केले, तर कित्येकदा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

बाहेर आलेले जुने ग्रीस चिंधीला पुसून टाकायच्या आधी जाणता माणूस ते दोन बोटांत चोळतो. दुधासारखे पांढरट असेल तर पाणी आत शिरले आहे, सील गेले आहे. चमचम दिसली तर बेअरिंगचे लोखंड सुटू लागले आहे. करपल्याचा वास आला तर ते तापले आहे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे पाहणे आहे, आणि ते करायला दोन मिनिटे पुरतात.

शेवटी, इंजिनापासून झोतयंत्रापर्यंत जाणारा जोडशाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना मोटारीच्या शाफ्टला असतो तसा क्रॉसचा सांधा असतो. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या, टोप्यांत सुईसारखे बारीक रोलर. ग्रीसगनने निपलमधून ग्रीस दाबले, की चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावले पाहिजे. तिघींतून आले आणि चौथी कोरडी राहिली, तर काम झाले असे म्हणता येत नाही. त्या चौथीतच उद्याचा अपघात दडलेला असतो. टोपीपाशी तांबडी भुकटी दिसली, तर आतल्या सुया कोरड्या फिरून गंजल्या आहेत असे समजावे. हा सांधा पूर्ण वेगात तुटला, तर जोडशाफ्टचे मोकळे टोक नावेचा तळ फोडू शकते. म्हणून त्यावरचे जाळीचे आवरण काढून ठेवणे हा गुन्हा मानला पाहिजे.

आता या हाताचा इतिहास पाहा. वंगण चाकाच्या मागोमाग आले. प्राचीन इजिप्तच्या रथांच्या आसांवर चरबीचे अंश सापडले आहेत. आपल्या बैलगाडीच्या आसाखाली वंगणाचे नळकांडे लोंबते, ते त्याच घराण्यातले. वाफेचे युग आले तेव्हा इंजिने थांबवून त्यांना तेल द्यावे लागे. इलायजा मॅकॉय नावाचा काळा माणूस, केंटकीच्या गुलामगिरीतून कॅनडात पळालेल्या आईबापांचा मुलगा, स्कॉटलंडात इंजिनीयरिंग शिकून आला. अमेरिकेच्या रेल्वेने त्याला इंजिनीयर म्हणून घेतले नाही. कोळसा टाकणारा आणि तेल घालणारा म्हणून घेतले. तेल घालता घालता त्याने चालत्या इंजिनाला आपोआप तेल देणारी कुपी शोधली आणि 1872 मध्ये तिचे पेटंट घेतले. ज्याला तेलाच्या डब्याशी उभे केले, त्यानेच तेलाची विद्या पुढे नेली.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर इंजिनखान्यात हिंदी खलाशी असत, आणि त्यांच्या जागांची नावेच आपल्या बोलीतली होती : सारंग, तेलवाला, आगवाला, कोयलावाला. तेलवाल्याने फिरत्या क्रँकच्या बेअरिंगवर, फिरण्याचा ताल साधून, उघडा हात टेकायचा आणि ताप ओळखायचा. एक ताल चुकला तर हात गेला. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्याचा पगार तुटपुंजा असे. जहाजाच्या इतिहासात कप्तानाचे नाव येते, मालकाचे येते. तेलवाल्याचे येत नाही. पण अटलांटिकच्या मध्यावर ज्या बेअरिंगने दगा दिला नाही, त्याला साक्षी तोच होता.

हॅमिल्टनच्या गोष्टीत मला जे मोलाचे वाटते ते येथे आहे. त्याच्या कुरणावर शोधक, चालक आणि वंगण घालणारा ही तीन माणसे नव्हती. एकाच घरची, एकाच कारखान्यातली माणसे ती तिन्ही कामे करीत. गोट्याने इंपेलरला खाच पडली, तर जो नाव हाकीत होता तोच संध्याकाळी कानस घेऊन बसे. त्यामुळे आज नाव काढायची की नाही, हे ठरवणारा माणूस आणि बेअरिंगची अवस्था जाणणारा माणूस यांत अंतर नव्हते. पुढे झोताची नाव धंद्यात शिरली. न्यूझीलंडच्या घळींतून प्रवाशांना थरार दाखवणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. आपल्या आरमारातही 2009 पासून 'कार निकोबार' वर्गाच्या झोतावर चालणाऱ्या वेगवान नौका दाखल झाल्या. आता तिकीट विकणारा एक, नाव हाकणारा दुसरा, ग्रीसगन धरणारा तिसरा, आणि फेऱ्यांचे वेळापत्रक ठरवणारा चौथाच, तोही कचेरीत.

त्या अंतराची किंमत कधी कधी देहाने द्यावी लागते. 2019 च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमधल्या स्किपर्स घळीत प्रवाशांनी भरलेल्या झोताच्या नावेची वळवण्याची तोटी धरून ठेवणारे स्टड तुटले. सुकाणू गेले, नाव घळीच्या कड्यावर आदळली आणि माणसे जखमी झाली. बोटाएवढ्या लोखंडाची ही गोष्ट. धातू थकतो तो एका दिवसात थकत नाही. रोजच्या धक्क्याने केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू वाढते. ती शोधायला दिवा लागतो, सराव लागतो आणि वेळ लागतो. यातला वेळ हा शब्द माझ्या धंद्याचा आहे.

आमच्या बंदरात एका खाजगी लाँचमालकाकडे मी कामगारांच्या वतीने बोलणी करावयास गेलो होतो. मालकाचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे पहिल्या फेरीपूर्वीचा तपासणीचा अर्धा तास पगारात धरला जात नसे. 'नाव उभी असताना काम कसले?' असा हिशेब होता. आमच्या ड्रायव्हरने शांतपणे उत्तर दिले, 'शेठ, नाव उभी असते तेव्हाच माझे काम असते. ती चालू लागली की काम तिचे.' अर्धा तास मिळवायला आम्हांला चार महिने लागले. पगारात फरक पडला तो थोड्या रुपयांचा. परंतु नोंदवहीत रोज सही होऊ लागली : जाळी पाहिली, सील पाहिले, चारही टोप्यांतून ग्रीस आले. सही आली की जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की 'आज ही नाव निघणार नाही' असे म्हणण्याचा अधिकारही मागता येतो.

तो अधिकार मिळाल्यावाचून तपासणी हा एक देखावा होतो. ज्याला दोष दिसतो त्याला नाव थांबवता येत नसेल, तर त्याचे डोळे असून नसल्यासारखे. काही मालक म्हणतात की असा अधिकार दिला तर लोक कामचुकारपणा करतील. त्यांना माझे एवढेच सांगणे, की त्याच नावेतून तो खलाशीही जातो. तळ फुटला तर बुडणाऱ्यांत पहिला तोच, कारण तो सर्वांत खाली असतो.

तात्पर्य, 1661 मधल्या पेटंटापासून नंदप्रयागच्या धबधब्यापर्यंतचा इतिहास हा मोठ्या माणसांचा खराच. हॅमिल्टनसारख्या स्वयंशिक्षित माणसाचा मला तर विशेष अभिमान वाटतो. परंतु शोध एकदा लागतो आणि वंगण रोज घालावे लागते. पुढच्या वेळी आपण मांडव्याला वा घारापुरीला लाँचने जाल, तेव्हा सुटण्यापूर्वी कोणी ग्रीसने माखलेला माणूस फळी उचलून खाली वाकलेला दिसला आणि दहा मिनिटे उशीर झाला, तर घड्याळाकडे पाहून चुकचुकू नका. तो आपल्याच जिवाचा हिशेब पाहत असतो. त्याला तो पुरता पाहू द्यावा, आणि त्या वेळेचा पगार त्याला मिळतो की नाही, एवढे नागरिक म्हणून आपण विचारावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.